‘वजन कमी करा’ म्हणालात, आता पुढची तारीखही द्या

सर्व डॉक्टरांना, वैद्यकीय महाविद्यालयांतल्या शिक्षकांना आणि डॉक्टरांच्या संघटनांना,

स. न. वि. वि.

परवा ताईचा केसपेपर फायलीला लावताना त्यावरची शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि हे पत्र लिहायला बसले. वर बीपीची गोळी लिहिलेली होती, किती मिलिग्रॅमची, सकाळी की रात्री, किती दिवस. शुगर उपाशीपोटी तपासायची की जेवणानंतर, तेही होतं. पुन्हा दाखवायला कधी यायचं त्याची तारीख होती. आणि सगळ्यांत खाली, ‘वजन कमी करणे’. त्याच्यापुढे काहीच नाही. किती कमी करायचं, कसं करायचं, कोणाची मदत घ्यायची, नाही जमलं तर काय, यातलं एक अक्षर नाही. असे कागद आमच्या घरी ढीगभर आहेत. डॉक्टर वेगवेगळे, अक्षर वेगवेगळं, ओळ तीच.

बीपीवर आणि शुगरवर तुम्ही उपचार करता. वजनाबद्दल मात्र बजावता आणि घरी पाठवता. हे आता मुकाट्याने सोसायचं नाही असं ठरवलं, म्हणून उघडपणे लिहिते आहे. तुम्ही वाचावं म्हणून लिहिते आहेच, पण ज्यांच्या कागदावर ही ओळ आहे त्या सगळ्यांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

मी डॉक्टर नाही. आई, ताई आणि मी, आम्हा तिघींचं वजन पहिल्यापासून जास्त. तिघींच्या दुखण्यांपायी डॉक्टरांचे उंबरे खूप झिजवले. त्यांत काही फार चांगले भेटले. त्यांच्यामुळेच कळलं, की हे काम नीट करता येतं, त्यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही, आणि रुग्णाचा मानही राखता येतो. ते भेटले नसते तर ‘असंच असतं’ म्हणून मीही गप्प बसले असते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही, की आमचं वजन दिसलं की तुमची तपासणी तिथेच थांबते.

ताईला दोन जिने चढले की धाप लागायची. दुपारी कामावर डोळे मिटायला लागायचे. ज्यांना दाखवलं त्यांनी वजनाकडे बोट दाखवलं, आणि तिलाही ते पटलं. तिने जेवण निम्म्यावर आणलं. थकवा आणखी वाढला आणि वर ‘तुम्ही मनापासून करत नाही’ हेही ऐकून घ्यावं लागलं. शेवटी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. आतली बाजू पांढरी फटक पडली होती. ‘पाळीत किती जातं?’ त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्याआधी कोणीही विचारला नव्हता. हिमोग्लोबिन सातच्या खाली निघालं, सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ दिसली. उपचार झाले, हिमोग्लोबिन भरून आलं, आणि ताई त्याच वजनात दोन जिने न थांबता चढायला लागली.

धाप, थकवा, पाठदुखी, पाळीचा त्रास यांचा वजनाशी संबंध असतो हे मी नाकारत नाही. पण हीच तक्रार घेऊन एखादी सडपातळ बाई आली असती तर तुम्ही जे प्रश्न विचारले असते, ज्या तपासण्या सांगितल्या असत्या, तेवढ्या तरी आमच्या करा. वजन हे एक कारण असू शकतं. दुसरं कारण नाही, हे तपासल्याशिवाय कसं कळणार? आणि याचा परिणाम त्या एका भेटीपुरता राहत नाही. दर वेळी बोलणी खावी लागणार हे माहीत असलं की माणूस डॉक्टरकडे जायचंच टाळतो. जास्त वजनाच्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी करून घेण्याचं प्रमाण कमी असतं, असं अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. तपासणीच्या टेबलावर झोपल्यावर पहिलं वाक्य वजनावरून ऐकावं लागेल, या धास्तीने मीही ती चाचणी पुढे ढकलत आले आहे.

आईच्या गुडघ्यांचंही तेच. ‘आधी वजन उतरवा, मग गुडघ्याचं बघू.’ दुखऱ्या गुडघ्यावर चालायचं कसं, हे सांगितलं नाही. फिजिओथेरपीची चिठ्ठी मागून घ्यावी लागली. ती मिळाल्यावर फिजिओथेरपिस्ट मुलीने खुर्चीत बसून करायचे व्यायाम शिकवले आणि सहज एक गोष्ट सांगितली, की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून आलेला हा आकडा आहे. आईला या एका आकड्याने जो हुरूप आला तो इतक्या वर्षांच्या धाकाने कधी आला नव्हता. वीस किलो उतरवायचे म्हटलं की ती हातपाय गाळून बसायची. एक किलो तिला करण्यासारखा वाटला.

दुसरी तक्रार साधनांची. माझ्या दंडाला बीपीचा नेहमीचा पट्टा पुरत नाही. हवा भरली की वेल्क्रो करकरत सुटतो. मग तोच पट्टा ताणून बांधायचा, वरून हाताने दाबून धरायचा आणि येईल तो आकडा लिहून घ्यायचा. अशाच आकड्यांवर मला बीपीची गोळी सुरू झाली होती. पुढे एका ठिकाणी मोठ्या पट्ट्याने मोजलं तेव्हा बीपी नॉर्मल निघालं. २०२३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नेमकं हेच मोजलं आहे. ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागतो, त्यांचं बीपी नेहमीच्या पट्ट्याने पाहिलं तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. एवढ्या फरकाने धडधाकट माणूस बीपीचा रुग्ण ठरतो. मोठा पट्टा ही काही दुर्मीळ वस्तू नाही. तो टेबलाच्या खणात नसतो याचं कारण एवढंच, की तो ठेवायला हवा असं कोणाला वाटलेलं नाही.

आणि वजनकाटा. तो बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या समोर ठेवलेला, आकडा नर्सबाई मोठ्याने पुकारणार आणि लिहून घेणारा पलीकडे बसलेला. काटा आडोशाला हलवायला किती खर्च येतो?

तिसरी तक्रार औषधांची आहे, आणि ती मला सगळ्यांत जास्त लागलेली आहे.

अर्धशिशीसाठी मला रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलीन दिली होती. डोकं थांबलं, त्याबद्दल मी त्या डॉक्टरांची ऋणी आहे. पण भूक अशी खवळली की मध्यरात्री उठून खायला लागले. पुढच्या भेटीत काट्यावरचा आकडा वाढलेला दिसला आणि खोलीतल्या शिकाऊ डॉक्टरांसमोर मला विचारण्यात आलं, ‘तोंडावर ताबा नाही का?’ या गोळीने भूक वाढू शकते हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं, असं मला वाटत नाही. पण कोणी बोललं नाही. मी मात्र कित्येक महिने स्वतःला हावरट समजत राहिले.

ही एकच गोळी नाही. ओलान्झापीन, क्लोझापीन, मिर्टाझापीन, सोडियम व्हॅल्प्रोएट, प्रेगाबालिन, प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड, इन्सुलिन, ग्लिमेपिराइडच्या गटातल्या शुगरच्या गोळ्या, पायोग्लिटाझोन, प्रोप्रानोलॉलसारखे जुने बीटा ब्लॉकर, या सगळ्यांनी वजन वाढू शकतं. ही औषधं टाकाऊ आहेत असं माझं म्हणणं नाही, त्यांच्यावर माणसांचे जीव तगलेले आहेत. वाचणाऱ्यांनी यातली एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. अपस्माराची आणि मनोविकाराची तर नाहीच, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकाएकी थांबवणं जिवावर बेतू शकतं. पण डॉक्टर, गोळी लिहिताना ‘हिने भूक वाढेल, तसं झालं तर मला सांगा’ एवढं बोलायला काय हरकत आहे? सुरुवातीला वजन टिपून ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पाहा. त्याच दुखण्यावर वजन न वाढवणारं औषध चालण्यासारखं असेल तर त्याचा विचार करा. शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा एसजीएलटी-२ गटातली औषधं वजन वाढवत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. शिवाय वजन भराभर वाढत असेल तर त्यामागे थायरॉइड, पीसीओएस, क्वचित कुशिंगसारखा आजार नाही ना, हेही पाहायला हवं.

चौथी गोष्ट इच्छाशक्तीची. ही तक्रार कमी आणि खंत जास्त आहे, कारण इथे तुम्हाला माहीत असलेलं ज्ञान आमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

आम्ही वजन उतरवलेलं नसतं असं तुम्ही धरून चालता. आम्ही ते उतरवलेलं असतं, पुन्हा पुन्हा. ते परत येतं, हा आमचा खरा आजार आहे. चरबीच्या पेशी रक्तात लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. त्याचा शोध १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला. शरीरात साठा किती आहे, याची खबर मेंदूला लेप्टिनमधून मिळते. वजन उतरलं की लेप्टिन घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, आणि शरीर उष्मांक जपून खर्च करायला लागतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. वर्षभराने त्यांचं रक्त पुन्हा तपासलं तेव्हाही भुकेची संप्रेरकं मूळ पातळीवर आलेली नव्हती, आणि भूकही आधीपेक्षा जास्तच लागत होती. हा अभ्यास २०११ सालचा. पुढे २०१६ साली, टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेत भाग घेतलेल्या १४ जणांची सहा वर्षांनंतरची तपासणी प्रसिद्ध झाली. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं होतं, आणि तरीही त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं.

म्हणजे वजन उतरवलेला माणूस जास्त भूक आणि कमी खर्च यांच्या कात्रीत सापडलेला असतो, आणि ही कात्री महिन्या-दोन महिन्यांत सुटत नाही. त्यात आनुवंशिकता. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं, की माणसामाणसांच्या वजनात जो फरक असतो त्याचा मोठा हिस्सा, ढोबळमानाने ४० ते ७० टक्के, आनुवंशिक असतो. याचा अर्थ काही करता येत नाही असा मुळीच नाही. वाढलेल्या बीपीलाही आनुवंशिकता असते, म्हणून तुम्ही ते तसंच सोडून देत नाही. पण हे आधी सांगितलंत तर वजन परत यायला लागल्यावर आम्ही तोंड लपवणार नाही, तुमच्याकडे येऊ. आज नेमकं उलट होतं. दोन किलो वाढले की रुग्ण पुढची भेट चुकवतो, कारण तो आकडा घेऊन तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते. ज्या क्षणी मदत सर्वांत जास्त हवी, त्याच क्षणी तो तुमच्या हातून सुटतो.

बीएमआयबद्दल, म्हणजे किलोंतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याबद्दल, थोडक्यात. हे गणित मुळात बेल्जियमच्या आदोल्फ केतले या संख्याशास्त्रज्ञाचं, १८३० च्या दशकातलं. त्याला माणसांच्या मोठ्या समूहाचा अभ्यास करायचा होता, एका माणसाचं निदान नाही. बीएमआय हे नाव तर १९७२ साली ॲन्सेल कीज यांनी दिलं. चाळणी म्हणून तो उपयोगी आहे, पण चरबी कुठे आहे हे तो सांगत नाही. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये कमी बीएमआयलाच मधुमेह गाठतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे आणखी टप्पे सुचवले. कंबर मोजायला एक टेप पुरते. ती उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा नियम कोणालाही समजतो. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानेही हेच मांडलं, की केवळ बीएमआयवर निदान करू नका, आणि जास्तीच्या चरबीने अवयवांचं काम किंवा रोजचं हिंडणं-फिरणं बिघडलं आहे का ते पाहा. तुम्ही आकडा वाचून दाखवता तेव्हा ही दुसरी अर्धी बाजू राहून जाते.

मुलांविषयीही एक सांगायचं आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलासमोर त्याच्या आईला ‘किती जाड केलंय याला’ असं म्हणू नका. ते मूल ऐकत असतं, आणि ते वाक्य त्याला मोठेपणीही आठवतं. वाढत्या वयात पुष्कळदा वजन घटवावंही लागत नाही. ते आहे तिथे थोपवलं आणि उंची वाढू दिली तरी काम होतं. आईबापांना हे कोणी सांगत नाही आणि ते मुलाला उपाशी ठेवायला लागतात.

‘एवढं सगळं बोलायला वेळ कुठे आहे’, हे तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. ते खोटं नाही. बाहेरची रांग मी बाकावर बसून पाहिली आहे. म्हणूनच ब्रिटनमधल्या एका चाचणीबद्दल सविस्तर लिहिते. ती २०१६ साली लॅन्सेटमध्ये आली. १३७ फॅमिली डॉक्टर आणि दुसऱ्याच कुठल्या तरी दुखण्यासाठी त्यांच्याकडे आलेले, वजन जास्त असलेले १,८८२ रुग्ण. भेट संपताना डॉक्टरांनी वजनाचा विषय काढला, फक्त तीस सेकंद. निम्म्या रुग्णांना एवढंच सांगितलं, की वजन उतरवलं तर तब्येतीला चांगलं. उरलेल्या निम्म्यांना सांगितलं, की अमुक ठिकाणी बारा आठवड्यांचा वजन नियंत्रणाचा गट चालतो, नाव घालू का? ‘हो’ म्हणाले त्यांची वेळ निघण्याआधीच ठरवून दिली आणि परत येऊन भेटायला सांगितलं.

७७ टक्के रुग्ण ‘हो’ म्हणाले. ४० टक्के प्रत्यक्ष गेले. वर्षभराने ज्यांना नुसता सल्ला मिळाला होता त्यांचं वजन सरासरी १.०४ किलो उतरलं होतं, ज्यांना वेळ ठरवून दिली होती त्यांचं २.४३ किलो. दोन्हीकडे सेकंद तेवढेच. रुग्णांना राग येईल म्हणून विषय काढत नाही, असं काही डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांचं हे बोलणं अनुचित आणि निरुपयोगी वाटलं असं म्हणणारे सगळ्या १,८८२ मध्ये चार जण निघाले. सव्वादोन-अडीच किलो हा आकडा लहान वाटेल. पण तो तीस सेकंदांत आणि एका ठरलेल्या वेळेने आलेला आहे. तुमच्याकडे असा गट नसेल तर जवळचा आहारतज्ज्ञ असेल, फिजिओथेरपिस्ट असेल, किंवा तुमच्याच ओपीडीत महिन्यातून एक दुपार असेल. कुठेतरी पाठवा. नाव लिहा. वेळ ठरवा.

हे नीट करणाऱ्या एक डॉक्टर मला भेटल्या. त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘वजनाबद्दल बोललं तर चालेल का? आज नको असेल तर पुढच्या वेळी बोलू.’ मी चाटच पडले; मला कोणी परवानगी विचारेल असं कधी मनातही आलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, झोप किती तास होते, घोरता का, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का, रात्रपाळी असते का. स्वयंपाक कोण करतं आणि तुम्ही जेवता केव्हा. कोणी नसताना, थांबताच येत नाही असं खाणं होतं का. आणि हे विचारताना आवाजात जराही बदल नव्हता. याआधी काय काय करून पाहिलं आणि त्यातलं काय जमलं होतं. कोणत्या गोळ्या चालू आहेत. माझ्या उत्तरांवरून त्यांनी झोपेची तपासणी सांगितली आणि अर्धशिशीची गोळी बदलण्यासाठी न्यूरॉलॉजिस्टना चिठ्ठी दिली. मग म्हणाल्या, ‘आपण पाच टक्क्यांचं ठरवू.’ माझ्या बाबतीत ते साडेचार किलो होते. कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०२० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हाच क्रम आहे. आधी परवानगी विचारायची, रुग्णाची सगळी हकीकत ऐकायची, उपचारांचे पर्याय सांगायचे, दोघांना पटेल असं ध्येय ठरवायचं आणि मग वाटेतल्या अडचणींत सोबत राहायचं.

वजनाच्या पाच ते दहा टक्के घट झाली तरी बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड सुधारायला लागतात, हे तुम्हाला शिकवलेलं असतं. मग आम्हाला तीस-तीस किलोंचं ध्येय का देता? अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत, २००२ साली, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ जण होते. त्यांतल्या एका गटापुढे ध्येय होतं सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल. त्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटलं. पण त्या लोकांच्या हातात नुसती चिठ्ठी दिलेली नव्हती. पहिल्या सहा महिन्यांत सोळा बैठका झाल्या, एकेकाशी बसून, आणि पुढेही भेटी चालू राहिल्या. २०१७ साली आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत तर साध्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांतून, नर्स आणि आहारतज्ज्ञ यांच्या मदतीने वजन उतरवून, टाइप २ मधुमेह असलेल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधांशिवाय आटोक्यात आला. नेहमीचे उपचार चालू होते त्या गटात हे प्रमाण ४ टक्के होतं.

आता वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल. सेमाग्लुटाइडच्या २०२१ सालच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, टिर्झेपाटाइडने त्याहून जास्त. हे मोठं यश आहे आणि ज्यांना त्याची गरज आहे त्यांना ‘शॉर्टकट’ म्हणून हिणवू नका. इन्सुलिन घेणाऱ्याला तुम्ही तसं म्हणत नाही. पण सुरू करण्याआधी पूर्ण सांगा. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होऊ शकते, पित्ताशयात खडे होऊ शकतात, गरोदरपणात चालत नाही, थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा घरात इतिहास असेल तर देत नाहीत. वजनाबरोबर स्नायूही घटतात, म्हणून प्रथिनं आणि ताकदीचे व्यायाम यांकडे लक्ष हवं. आणि औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं, हे तर सगळ्यांत आधी सांगा. लोक जाहिरात पाहून, कोणाच्या ओळखीने ही इंजेक्शनं मिळवत आहेत, कारण तुमच्याकडून विषयच निघत नाही. शस्त्रक्रियेचंही तेच. स्वीडनमधल्या दीर्घ अभ्यासात, २००७ साली, बॅरिएट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर केलेली शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. वजन फार जास्त असलेल्या रुग्णाला हा पर्याय आहे एवढं तरी कळायला हवं. घ्यायचा की नाही ते तो ठरवेल.

माझ्या मागण्या अशा.

डॉक्टरांकडे: वजनाचा विषय काढताना आधी विचारा. वजनाकडे बोट दाखवण्याआधी, सडपातळ रुग्णाची केली असती तेवढी तपासणी करा. वजन वाढवणारं औषध देताना तसं सांगा आणि कागदावर लिहा. ‘वजन कमी करणे’ ही ओळ लिहायची असेल तर तिच्यापुढे तीन गोष्टी लिहा, किती टक्के, कोणाच्या मदतीने, आणि पुन्हा कधी यायचं. वजन उतरलं नाही किंवा वाढलं तरी या, हे तोंडाने सांगा.

रुग्णालयांकडे आणि दवाखान्यांकडे: दोन-तीन मापांचे बीपीचे पट्टे, जास्त वजन पेलणारा काटा, हात नसलेल्या रुंद खुर्च्या ठेवा. काटा आडोशाला न्या. आकडा पुकारणं आजपासून बंद करा.

महाविद्यालयांकडे: वजन उतरल्यावर शरीर काय करतं, हे तुम्ही शरीरक्रियाशास्त्रात शिकवता. तेच रुग्णाला त्याच्या भाषेत कसं सांगायचं, हेही शिकवा, आणि त्याची परीक्षा घ्या. ओपीडीत शिकाऊ डॉक्टरांसमोर रुग्णाच्या शरीरावरून बोलणारे वरिष्ठ त्या वेळी शिकवतच असतात, याचं भान त्यांना द्या.

संघटनांकडे: आपल्या सभासदांसाठी यातलं काय मान्य आहे आणि काय नाही, ते जाहीरपणे सांगा. मान्य नसेल त्याची कारणं द्या, मी ती नीट वाचेन. मान्य असेल ते केव्हापासून लागू करणार, त्याची तारीख कळवा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
एक रुग्ण